उजव्या बटणाचे हक्कदार

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया, तह आणि सनदा यांचीच आठवण सामान्यतः होते, आणि जालना जिल्ह्यासारख्या प्रदेशाच्या बाबतींत तर ती होणें अगदीं स्वाभाविक आहे. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवछत्रपतींनीं आपल्या अखेरच्या मोठ्या मोहिमेंत याच जालन्याच्या पेठेवर छापा घातला. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं याच जिल्ह्यांतील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव झाला आणि दक्षिणेच्या राजकारणाचें पारडें फिरलें. परंतु मनुष्याच्या हाताखालीं रोज येणाऱ्या क्षुद्र वस्तूंसही इतिहास असतो. तो ठाऊक नसल्यामुळें होणारें नुकसान लढाईंतील नुकसानीसारखें डोळ्यांत भरत नाहीं, पण तें घरोघर सोसावें लागतें. अशाच एका क्षुद्र वस्तूचा इतिहास येथें सांगावयाचा आहे. ती वस्तु म्हणजे लॅपटॉपवर माउसचें उजवें बटण दाबलें असतां पडद्यावर उमटणारी यादी, जिला सर्वजण राइट-क्लिकचा मेनू म्हणतात.

ही यादी डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत उघडावी अशी अपेक्षा असते, आणि नव्या यंत्रावर बहुधा ती तशी उघडतेही. परंतु वर्ष-दोन वर्षें गेलीं कीं तोच लॅपटॉप रेंगाळूं लागतो. फाइलवर बटण दाबावें, तर निळें वर्तुळ फिरत राहतें. दोन, चार, कधीं दहा सेकंद जातात आणि मग यादी प्रकट होते. अधीर होऊन पुन्हा पुन्हा बटण दाबलें, तर फाइली दाखविणारी सबंध खिडकीच गोठून बसते. ज्याचें काम दिवसांतून दोनचारदां फाइल उघडण्यापुरतें आहे, त्यास याचें कांहीं वाटणार नाहीं. परंतु जालना हें आज बियाण्यांचें व पोलादाचें शहर आहे. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण व्यापाऱ्यांनीं लटकी पडूं दिलेली नाहीं. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं महिको ही बियाण्यांची कंपनी येथें स्थापिली. तो धंदा येथें रुजला, आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांनींही शहराचें नांव दूरवर नेलें. या धंद्यांचीं बिलें, पावत्या आणि विवरणपत्रें आतां संगणकावरच तयार होतात. समजा, अशा एखाद्या पेढीवरील कारकून दिवसांतून २०० वेळां उजवें बटण दाबतो आणि प्रत्येक वेळीं त्याचे ४ सेकंद वायां जातात. दिवसाचे ८०० सेकंद झाले. वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांचे २,४०,००० सेकंद, म्हणजे सुमारें ६७ तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर आठांहून अधिक दिवस त्या मनुष्यानें केवळ एका यादीची वाट पाहण्यांत घालविले.

याहून मोठें नुकसान घरगुती लॅपटॉपच्या बाबतींत होतें. अंबड, परतूर, भोकरदन किंवा मंठा अशा तालुक्याच्या गांवीं पुष्कळ कुटुंबांत एकच लॅपटॉप असतो. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलाच्या प्रवेशपरीक्षेचीं टिपणें, वडिलांचा हिशेब, लग्नकार्याचीं छायाचित्रें, सर्व कांहीं त्याच एका पेटींत सांठविलेलें असतें. यादी उघडावयास वेळ लागूं लागला कीं लॅपटॉप दुकानांत नेला जातो, आणि तेथें बहुधा दोन निकालांपैकीं एक ऐकूं येतो: 'फॉरमॅट मारावा लागेल', नाहींतर 'मशीन जुनी झाली, आतां नवीच घ्या'. पहिल्या निकालानें, आधीं दुसरीकडे नक्कल करून ठेविली नसेल तर, वर्षांनुवर्षांचा संग्रह पुसला जातो. दुसऱ्यानें मोसंबीच्या किंवा कापसाच्या हंगामांत हातीं आलेला पैसा जातो. रोग एका फांदीस आणि कुऱ्हाड बुंध्यावर, अशांतला हा प्रकार आहे.

यंत्र म्हातारें झालें म्हणून यादी रेंगाळते, हा समज पुष्कळदां खोटा असतो. यादी रेंगाळते ती तिच्यावर हक्क सांगणारे फार झाले म्हणून, आणि त्यांपैकीं प्रत्येकास विचारल्यावांचून ती उघडतां येत नाहीं म्हणून. हे हक्क कोणीं दिले, केव्हां दिले व कां दिले, हें समजलें म्हणजे दोष कोठें शोधावा हेंही समजतें. याकरितां प्रथम तो इतिहास पाहूं.

या यादीची कुळकथा जालन्याहून फार दूर, अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत सुरू होते. तेथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत डग्लस एंगलबार्ट नांवाचे अभियंते होते. यंत्राच्या साहाय्यानें मनुष्याची बुद्धि अधिक समर्थ कशी करतां येईल, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. १९६४ सालीं त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्यानें लांकडाचा एक लहानसा ठोकळा तयार केला. त्याच्या तळाशीं एकमेकांशीं काटकोन करणारीं दोन चाकें होतीं आणि वर एकच बटण होतें. शेपटीसारखी तार असलेल्या या ठोकळ्यास उंदीर, म्हणजे माउस, हें नांव पडलें व तें जगभर टिकलें. पुढें त्यावर तीन बटणें आलीं. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें भरलेल्या संगणकपरिषदेंत एंगलबार्ट यांनीं सुमारें दीड तास या साधनाचे प्रयोग करून दाखविले. पडद्यावरील मजकुराकडे बोट दाखवून त्यावर काम करणें, हें तोंपर्यंत बहुतेकांनीं पाहिलेलें नव्हतें.

योगायोग असा कीं, त्याच परिषदेच्या प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत रॉबर्ट मिलर यांचा एक निबंध आहे. मनुष्य आणि यंत्र यांच्या संभाषणांत यंत्रानें किती वेळांत उत्तर द्यावें, हा त्याचा विषय. बटण दाबल्याची पोंच सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत मिळाली पाहिजे. उत्तरास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर चालू असलेल्या विचाराची साखळी तुटूं लागते. पंधरा सेकंद झाले तर त्यास संभाषण म्हणणेंच व्यर्थ, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. म्हणजे ज्या परिषदेंत माउस लोकांपुढें आला, त्याच परिषदेंत त्याच्या उत्तराला मुदतही घालून दिली गेली. पुढील सर्व तक्रार ही त्या मुदतीच्या भंगाची तक्रार आहे.

तथापि एंगलबार्ट यांच्या माउसवर आजची यादी नव्हती. ती झेरॉक्स कंपनीनें १९७० सालीं पालो आल्टो येथें काढलेल्या संशोधनकेंद्रांत जन्मास आली. तेथें १९७३ सालीं आल्टो नांवाचा संगणक तयार झाला, आणि त्यावर स्मॉलटॉक ही भाषा वाढत गेली. या भाषेच्या मंडळींनीं माउसच्या तीन बटणांस तांबडें, पिवळें व निळें अशीं नांवें दिलीं होतीं. तांबड्यानें वस्तु निवडावयाची. पिवळें दाबलें कीं खिडकींतील मजकुरावर काय काय करतां येईल त्याची यादी उमटावयाची. निळें दाबलें कीं खुद्द त्या खिडकीचें काय करावयाचें त्याची यादी. हातांतील बाणाखालींच उमटणाऱ्या या यादीचें श्रेय डॅन इंगॉल्स यांस दिलें जातें. पिवळ्या बटणांतील विचार मोठा मार्मिक होता. यंत्राला येणाऱ्या सर्व कामांची जंत्री एके ठिकाणीं टांगून न ठेवतां, मनुष्य ज्या वस्तूकडे पाहत आहे त्या वस्तूशीं संबंध असलेलींच कामें, ती वस्तु असेल तेथेंच दाखवावयाचीं. हुषार वाढपी पंगतींत ज्याचें पान रिकामें दिसेल त्याच्यापुढें जाऊन 'काय वाढूं' असें विचारतो, तशांतलें हें आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं दाखवून दिलें होतें कीं, लक्ष्य जितकें जवळ व मोठें तितका हात त्याकडे लवकर पोंचतो. बाणाखालीं उमटणाऱ्या यादीहून जवळचें लक्ष्य कोणतें असणार? ही यादी जन्मली ती वेळ वांचविण्याकरितांच. तिनेंच पुढें वेळ खावा, हा दैवदुर्विलास होय.

पुढील दहा वर्षांत बटणांच्या संख्येवरून मोठा मतभेद झाला. झेरॉक्सनें १९८१ च्या स्टार या यंत्रास दोन बटणें ठेविलीं. ॲपल कंपनींत लॅरी टेस्लर यांनीं आग्रह धरला कीं नवशिक्याला दोन बटणें दिलीं म्हणजे कोणतें दाबावें या विचारांतच तो अडकेल. म्हणून १९८३ ची लिसा आणि १९८४ ची मॅकिंटॉश यांस एकच बटण मिळालें. मायक्रोसॉफ्टनें १९८३ सालीं विकावयास काढलेल्या माउसवर मात्र दोन हिरवीं बटणें होतीं. परंतु उजव्या बटणास नेमून दिलेलें असें काम पुष्कळ वर्षें जवळजवळ नव्हतेंच. १९९२ सालीं आलेल्या आयबीएमच्या ओएस-टू या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तींत पडद्यावरील वस्तूवर उजवें बटण दाबलें असतां तिची यादी उघडूं लागली. शेवटीं २४ ऑगस्ट १९९५ रोजीं विंडोज ९५ बाजारांत आली आणि उजवें बटण घरोघर कामास लागलें. ॲपलनेंही १९९७ सालीं आपल्या प्रणालीच्या आठव्या आवृत्तींत कंट्रोल ही कळ दाबून अशीच यादी उघडण्याची सोय केली.

आतां आपण मुख्य प्रसंगाशीं आलों. विंडोज ९५ मध्यें मायक्रोसॉफ्टनें केवळ स्वतःची यादी दिली नाहीं. तिच्यांत इतरांसही ओळ घालतां येईल अशी वाट ठेविली. या पाहुण्या तुकड्यांस शेल-एक्स्टेन्शन म्हणतात. एखादा प्रोग्राम लॅपटॉपवर बसविला कीं तो रजिस्ट्री नांवाच्या विंडोजच्या मोठ्या दप्तरांत आपली नोंद करतो: अमुक प्रकारच्या फाइलवर, किंवा कोणत्याही फाइलवर, किंवा फोल्डरवर उजवें बटण दाबलें गेलें तर मला बोलवावें, मला माझी ओळ घालावयाची आहे. फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम 'दाबा' अशी ओळ घालतो. व्हायरस शोधणारा 'तपासा' अशी ओळ घालतो. फाइली दूरच्या सांठ्यांत नेऊन ठेवणारा 'पाठवा' अशी ओळ घालतो. त्या वेळीं ही व्यवस्था उदारपणाची व दूरदृष्टीची होती, आणि तिच्यामुळें लोकांची सोयही खरोखरच झाली. या इतिहासांत दुष्ट पात्र कोणीच नाहीं. प्रत्येक हक्क दिला गेला तेव्हां तो देण्यास कारण होतें.

परंतु त्या हक्काच्या पोटीं एक अट दडलेली आहे. आपण बटण दाबतों तेव्हां एक्सप्लोरर हा फाइली दाखविणारा प्रोग्राम दप्तर उघडतो, त्या वस्तूवर कोणाकोणाचे हक्क आहेत तें पाहतो, त्या प्रत्येक हक्कदाराचा तुकडा आपल्या घरांत बोलावतो आणि एकामागून एक विचारतो, 'तुला कोणती ओळ घालावयाची आहे?' सर्वांचीं उत्तरें आल्यावरच यादी पडद्यावर उमटते. दहांपैकीं नऊजणांनीं क्षणार्धांत उत्तर दिलें आणि दहावा चार सेकंद विचार करीत बसला, तर यादीला चार सेकंद लागतात. शिवाय हे तुकडे एक्सप्लोररच्या घरांतच राहून काम करीत असल्यामुळें त्यांतील एखादा कोसळला तर एक्सप्लोररला घेऊनच कोसळतो; मग कामाची पट्टी व डेस्कटॉपवरील चिन्हें घटकाभर नाहींशीं होऊन पुन्हा प्रकट होतात.

आपल्याकडील जुन्या खळ्याची ज्यांस माहिती आहे, त्यांस ही रीति परकी वाटणार नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ च्या 'गांवगाडा' या ग्रंथांत तिचें सविस्तर वर्णन केलें आहे. मळणी होऊन रास पडली कीं सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी, गुरव असे बलुतेदार खळ्यावर येत, आणि ज्याचा त्याचा वांटा काढून दिल्यावर उरलेलें धान्य कुणब्याच्या घरीं जाई. यादीचेंही तसेंच आहे: रास आपली, परंतु वांटे निघाल्यावांचून ती घरीं येत नाहीं. मात्र एक फरक विसरतां कामा नये. गांवच्या बलुतेदारानें वर्षभर नांगर सांधलेला असे, मडकीं दिलेलीं असत, घाम गाळलेला असे. त्याचा वांटा ही त्याच्या श्रमाची मजुरी होती. यादीवरील कित्येक हक्कदारांची गोष्ट निराळी आहे. दोन वर्षांपूर्वीं एकदां वापरलेल्या प्रिंटरचा सहायक, मुदत संपलेला व्हायरसशोधक, कोणी तरी कधीं तरी उतरवून घेतलेला चित्रें पाहण्याचा प्रोग्राम, यांच्या ओळीवर वर्षानुवर्षें एकदांही बोट पडलेलें नसतें. तरी प्रत्येक वेळीं त्यांस बोलावणें जातें आणि प्रत्येक वेळीं ते रास अडवून धरतात.

उशीर करण्याचीं कारणें ज्याचीं त्याचीं वेगळीं असतात, आणि तपास करणाऱ्यानें तीं ओळखून असावें. कोणाचा तुकडा डिस्कवरून उचलून आणावा लागतो. जुन्या फिरत्या डिस्कच्या यंत्रांत यास वेळ लागतो, म्हणूनच संगणक सुरू केल्यावरची पहिली यादी उशिरां आणि दुसरी झटकन् उघडते. दूरच्या सांठ्याशीं संबंध असलेला तुकडा कधीं कधीं 'ही फाइल वर पोंचली आहे काय' असें आपल्या मुख्य प्रोग्रामास विचारूं जातो, आणि तो प्रोग्राम व्यग्र असला कीं बसून राहतो. व्हायरसशोधक फाइल दाखविण्यापूर्वीं ती चाळूं लागतो. चित्रयंत्रणेच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या, सोबत्याची ओळ रिकाम्या डेस्कटॉपच्या यादींत असते; त्यामुळें कित्येक लॅपटॉपांवर फाइलीची यादी चपळ आणि डेस्कटॉपची मात्र मंद, असा चमत्कार दिसतो. कचेरींत असतांना जोडलेली नेटवर्क ड्राइव्ह घरीं आल्यावर अस्तित्वांत नसते, तरी यंत्र तिचें दार ठोठावीत राहतें आणि उत्तर येत नाहीं असें ठरेपर्यंत सर्व काम थांबतें.

हा इतिहास ध्यानांत घेतला म्हणजे उपाय आपोआप सुचतात. पहिलें काम निरीक्षणाचें. रिकाम्या डेस्कटॉपवर, साध्या मजकुराच्या फाइलवर, चित्राच्या फाइलवर आणि फोल्डरवर असें चार ठिकाणीं उजवें बटण दाबून पाहावें व प्रत्येक ठिकाणचे सेकंद कागदावर टिपावे. या चारही याद्यांचे हक्कदार निरनिराळे असल्यामुळें केवळ एवढ्या टिपणानेंही संशयितांची संख्या पुष्कळ कमी होते. एकाच ठिकाणीं उशीर होत असेल तर त्या ठिकाणचाच हक्कदार दोषी. सर्वत्र उशीर होत असेल तर सर्व वस्तूंवर हक्क सांगणारा कोणी तरी दोषी. यादीच नव्हे तर फाइल उघडणें, नक्कल करणें, संगणक सुरू होणें हें सर्वच मंदावलें असेल, तर मात्र दोष यादीचा नसून डिस्कचा किंवा अपुऱ्या स्मृतीचा असण्याचा संभव आहे. अशा वेळीं सर्व महत्त्वाच्या फाइलींची नक्कल तत्काळ दुसरीकडे करून ठेवावी, हाच पहिला उपाय.

दुसरें काम हक्कदारांची हजेरी घेण्याचें. विंडोज स्वतः ही हजेरी सोप्या रीतीनें दाखवीत नाहीं. नीर सोफर या प्रोग्रामकारानें तयार केलेलें शेल-एक्स-व्ह्यू नांवाचें लहानसें विनामूल्य साधन ती दाखवितें: कोणता तुकडा, कोणत्या कंपनीचा, कोणत्या यादीवर हक्क सांगणारा. त्यांतून मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे तुकडे वगळले म्हणजे बाहेरून आलेले तेवढे उरतात. आतां त्यांस एकेक करून तपासणें हें वेळखाऊ काम आहे. येथें निम्म्याची युक्ति वापरावी. समजा, सोळा पाहुणे आहेत. त्यांपैकीं आठ तात्पुरते बंद करावे, एक्सप्लोरर पुन्हा सुरू करावा व यादी उघडून पाहावी. ती चपळ झाली तर दोषी बंद केलेल्या आठांत आहे. तशीच मंद राहिली तर उघड्या आठांत आहे. मग त्या आठांचे चार, चारांचे दोन, दोनांचा एक. चार चाचण्यांत सोळांपैकीं एक सांपडतो, आणि बत्तिसांपैकीं सांपडावयास पांचच लागतात. क्वचित् दोघे दोषी असतात व दोन्ही निम्म्यांत उशीर दिसतो. तेव्हां प्रत्येक निम्म्याची निराळी चौकशी करावी लागते, एवढेंच. दोषी सांपडला तरी त्यास लगेच पुसूं नये. त्यास बंदच ठेवावा, कांहीं दिवस पाहावें, आणि मग त्याच्या मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ति बसवावी किंवा तो नकोसा असेल तर रीतसर काढून टाकावा. बंद केलेला हक्क परत देतां येतो; पुसलेला परत मिळविणें कठीण.

ज्या उपायांचा बोलबाला फार आणि गुण थोडा, त्यांचाही येथें उल्लेख केला पाहिजे. रजिस्ट्रींत यादीच्या विलंबाचा एक आंकडा असतो व तो शून्य करावा, असें पुष्कळजण सांगतात. तो आंकडा मुळांत ४०० असतो, म्हणजे सेकंदाचे चार दशांश. आणि त्याचा संबंध यादींतून फुटणारी पोटयादी किती थांबून उघडावी एवढ्यापुरता आहे. ज्याची मूळ यादीच सहा सेकंद घेते त्यानें हा आंकडा शून्य केला तरी ते सहा सेकंद तसेच राहणार. दप्तर साफ करून देतों म्हणून सांगणाऱ्या प्रोग्रामांची गोष्ट तर याहून विनोदी आहे. कारण असा प्रोग्राम बसवितांच तो बहुधा स्वतःचीच एक ओळ यादींत घालतो आणि हक्कदारांची संख्या एकानें वाढते. विंडोजच्या स्वतःच्या फाइली दुरुस्त करणारी आज्ञा कांहीं वेळां उपयोगी पडते खरी, परंतु ती मायक्रोसॉफ्टच्याच फाइली पाहते. पाहुण्यांचा दोष तिच्या कक्षेबाहेरचा आहे.

मायक्रोसॉफ्टलाही ही व्यवस्था अखेर जड झाली. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं विंडोज ११ प्रसिद्ध झाली तेव्हां यादीचें रूप पालटलेलें होतें. यादी वर्षानुवर्षें अव्यवस्थितपणें वाढली, नेहमीच्या आज्ञा एकमेकींपासून दूर पडल्या आणि पाहुण्यांचे तुकडे एक्सप्लोररच्या घरांत राहून त्याची गति व स्थैर्य बिघडवितात, अशी कारणें कंपनीनें स्वतःच दिलीं. कापणें, नक्कल करणें, नांव बदलणें या नित्याच्या आज्ञा आतां नव्या यादीच्या ठळक पट्टींत बसविल्या आहेत. नव्या पाहुण्यांना कडक नियमांखालींच प्रवेश मिळतो. आणि जुने हक्कदार 'आणखी पर्याय दाखवा' अशा अर्थाच्या एका ओळीमागें नेऊन बसविले आहेत. ती ओळ दाबली तरच जुनी यादी, तिच्या सर्व विलंबासह, बाहेर येते. कित्येकांस ही दोन पायऱ्यांची यादी आवडली नाहीं व त्यांनीं युक्तीनें जुनीच यादी परत आणली. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु जुन्या यादीबरोबर जुने हक्कदारही परत आले, हें त्यांनीं विसरूं नये.

हक्क वाढत गेले आणि ते कारभारास जड झाले, म्हणजे काय करावें, हा प्रश्न आपल्या इतिहासास नवा नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं याच प्रश्नाचा विचार केला आहे. वतनें उधळून लावूं नयेत, कारण त्यांत अन्याय आहे व अनर्थही आहे. परंतु तीं वाढूंही देऊं नयेत, आणि वतनदारास सदैव मर्यादेंत ठेवावें, असा त्यांचा मध्यम मार्ग होता. उलट बाजूचें उदाहरण खुद्द जालन्याच्या भूमीवर घडलेलें आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता, आणि त्या राज्यांतील जहागिरी १९४९ सालीं एका कायद्यानें समूळ रद्द झाल्या. तेथें तेंच योग्य होतें, कारण ज्यांच्यावर त्या जहागिरींचा भार होता ते रयत होते आणि सुटले तेही रयतच. लॅपटॉपच्या बाबतींत मात्र फॉरमॅट मारणें म्हणजे जहागीरदाराबरोबर रयतेचेंही घरदार पुसून टाकणें होय. तेथें अमात्यांचा मार्ग बरा: हजेरी घ्यावी, चौकशी करावी, जो कामाचा त्याचा हक्क राखावा, जो निरुपयोगी त्याचा थांबवावा.

या सर्व विवेचनाचें तात्पर्य यादीपुरतेंच आहे असें नाहीं. यंत्र हें एकदां विकत घेतलें कीं सदैव तसेंच राहणारी वस्तु नव्हे. तें जमिनीच्या सातबाऱ्यासारखें आहे. त्याच्या 'इतर हक्क' या रकान्यांत आपल्या नकळत नोंदी चढत जातात, आणि बहुधा त्यांपैकीं प्रत्येक नोंदीखालीं आपलीच संमति असते, कारण 'पुढें चला' या बटणावर न वाचतां बोट आपणच ठेविलेलें असतें. जो शेतकरी दरवर्षीं आपला उतारा काढून वाचतो त्याची जमीन सहसा कोणी दाबीत नाहीं. लॅपटॉपचा उताराही वर्षांतून एकदां असा काढून वाचण्याची संवय घरांतील एकानें जरी लावून घेतली, तरी पुष्कळ पैसा, पुष्कळ छायाचित्रें आणि कित्येक दिवसांचे श्रम वांचतील. आणि १९६८ सालीं सान फ्रान्सिस्कोच्या परिषदेंत घालून दिलेली सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची मुदत मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या एखाद्या घरांतही बव्हंशीं पाळली जाईल.